बाबांचे दोन कागद

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माझे बाबा तपासनीस होते. साहेबांनी डोळे वटारले तरी सदोष नग त्यांनी कधी पास केला नाही. कारखान्याचा नियम घरातही चालायचा: ज्यानं बनवलं, त्यानं तपासायचं नाही. आईच्या आमटीत मीठ पुरेसं आहे की नाही, ते बाबा ठरवायचे.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी संगणकावर लेझर पेटवायला घेतला. खरा लेझर आमच्या विभागात एकच होता, तोही बारा महिने आजारी. मी चौकटींची जाळी आखली. प्रत्येक घरात एक अणू, जागा किंवा झोपलेला. शेजारच्या घरांत पुरेसा प्रकाश असला की जागा अणू स्वतःचाही एक प्रकाशकण सोडतो आणि झोपतो. कण थोडा वेळ जगतो, मग विझतो. एवढ्याशा नियमांतून पडद्यावर प्रकाश उसळायचा आणि मी हरखून जायचे.

"मला दे, मी तपासतो," बाबा म्हणाले. नुकतेच निवृत्त झाले होते, हात शिवशिवत होते. मी दहा बाय दहाची जाळी आणि संगणकाचं उत्तर छापून दिलं, नियम समजावले. त्यांनी आलेखाचे दोन कागद घेतले. एकावर जुनी स्थिती, दुसऱ्यावर नवी. पेन्सिलीनं एकेक घर भरत बसले. तीन दिवसांनी म्हणाले, "जुळत नाही गं. तुझा प्रकाश उजवीकडे जरा जास्तच पळतो."

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर कंपनीत माझी मुलाखत होती. तेव्हा अख्ख्या पुण्याला संगणकाचे डोहाळे लागले होते आणि मी तर हवेतच होते. "बाबा, संगणक चुकत नाही," मी म्हटलं. "तुम्ही आपले तोफगोळे तपासा. हे तुमचं काम नाही."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला नोकरी लागली, प्रकल्पाला उत्तम गुण पडले, त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना एक फाइल सापडली. तीच जाळी, पहिल्यापासून सात वेळा सोडवलेली. सहा वेळा खाली लिहिलं होतं, "जुळत नाही. चूक माझीच असेल. पुन्हा मोजतो." सातही वेळा उत्तर एकच.

मी जुना प्रोग्राम काढून पाहिला. तो एकाच जाळीत जुनं पुसून नवं लिहीत होता. डावीकडचं घर आधी बदलायचं आणि उजवीकडचं घर जुन्या स्थितीऐवजी त्या बदललेल्या शेजाऱ्याकडे बघून आपलं ठरवायचं. बाबांना दुसरा कागद कशाला लागतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी फरशीवर बसून हमसून हमसून रडले.

सातव्या कागदावर "जुळत नाही" नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "पास". खाली त्यांची सही. उभ्या आयुष्यात बाबांनी पास केलेला सदोष माल तेवढा एकच.