ढग पाहणारे काका

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॉलेजचे मित्र गोंदियाहून भाड्याची गाडी घेऊन कोकणात गेलो. समुद्र कोणीच पाहिला नव्हता, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर जागोजागी थांबत होतो. ड्रायव्हर तिरोड्याकडचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आम्ही काकाच म्हणायचो.

गाडी थांबली की आम्ही वाळूत पळायचो. काका बॉनेटला टेकून मान चोळायचे आणि जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी वर पाहायचे. पाण्याकडे नाही, त्याच्यावरच्या ढगांकडे.

एकदा मीही दमून त्यांच्याजवळ बसलो.

"काका, समुद्र पाहाले काऊन नाही येत?"

"कापलेला धान बांधीत पडून आहे, बाबू. घरची एकटीच भारे बांधून राहिली. हे ढग तिकडं गेले तं?"

बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं खाचर. धान आमच्याही घरी आहे. कापलेला धान भिजला की दाण्याला कोंब फुटतात, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर माझंही लाटांकडे नीट लक्ष लागेना.

शेवटच्या किनाऱ्यावर त्यांचा फोन वाजला.

"भारे उचलले? ताडपत्री टाकली?" त्यांनी ऐकून घेतलं. "मंग झोप आता तू."

फोन खिशात ठेवून, पँट दुमडून ते पहिल्यांदाच पाण्यात आले आणि बराच वेळ उभे राहिले.

"कसा वाटला समुद्र?" मी विचारलं.

"एवढं पाणी," ते थकल्या आवाजात म्हणाले, "अन् एकबी बांधी नाही."