मंगळवार-शुक्रवारची शीव

पालखी रस्त्यात बसवायची ही कल्पना माझ्या नवऱ्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण वाडीत आता ती आठ-दहा जणांची झाली आहे. त्यातल्या एकाच्याही घरात तिच्यापायी चार दिवस कुणी श्वास कोंडून बसलं नव्हतं.

आमची वाडी रत्नागिरी शहरातच आहे, पण तिला वाडी म्हटल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. खाली पेट्रोल पंप, पलीकडे चार मजली सोसायट्या, वर सडा. सड्यावर नुसता कातळ आहे असं परक्याला वाटतं. पण त्याच कातळात पाणी मुरतं आणि आमच्या विहिरींना उतरतं, म्हणून आम्ही एप्रिल-मेमध्ये टँकर बघत नाही. तिथे एका कंपनीला गोदामं बांधायची होती आणि ट्रक उभे करायला तळ हवा होता. हिवाळ्यात माणसं येऊन चुन्याच्या खुणा करून गेली. ऐन शिमग्यात कळलं की जमिनीला भोकं पाडणारं मशीन येतंय. सड्यावर जायला रस्ता एकच, आमच्या दारावरून.

शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी रजा वाढवल्या. सोमवारी सकाळी वाडीच्या तोंडाशी, विजेचा खांब आणि माड यांच्यामध्ये, होडीचा जाडजूड निळा दोर बांधला गेला. त्याला शिमग्याच्याच पताका लटकल्या. अंगणवाडीचा फळा आणून त्यावर लिहिलं, ‘येथून पुढे वाडीचा कारभार.’ एक समिती झाली. मुंबईत बसवर कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलेले एक काका अध्यक्ष झाले, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते पास छापायचं. सवय. मी वाडीबाहेरच्या शाळेत शिकवते. मला रोज जाता-येता समितीच्या शिक्क्याचा कागद दाखवावा लागे, तोही ज्याला मी दुसरीत पाढे शिकवले त्याला.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला मजाच वाटली. देवळाच्या मांडवात एकच चूल पेटली. कुळथाचं पिठलं, भात, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, सगळी वाडी एका पंगतीला. कुरियरवाला दोराशी उभा राहून नावं पुकारायचा आणि पार्सलं माडाखाली ठेवून जायचा. दारू बंद, आणि ती खरोखर बंद. दोन घरांचं काजूच्या झाडावरून पंधरा वर्षं चाललेलं भांडण समितीने एका दुपारी मिटवलं. बायका पाळीने दोरावर बसायच्या आणि मटार सोलता सोलता येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायच्या. मला वाटलं, बरं आहे की हे, असंच कायम राहिलं तर काय बिघडलं?

मग बुधवारी पालखी आली.

आमचे हे पोस्टातून निवृत्त झालेले. सात महिन्यांपूर्वी दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार आमचे राहिले नाहीत. सकाळी सातला हॉस्पिटल, चार तास मशीनवर, परत. डाव्या हाताची शीर त्यासाठी जोडून घेतलेली, त्या हाताने जड उचलायचं नाही. पण हे ग्रामदेवतेच्या चार मानकऱ्यांपैकी एक. पालखी खांद्यावर कुणीही घेवो, ती जागेवरून उठताना दांडीला चारही मानकऱ्यांचा हात लागावा लागतो. त्या शिमग्यात यांनी नुसता उजवा हात लावला होता, तरी संध्याकाळी चेहरा उजळलेला होता.

शिमगा सरत आला होता, पण पालखी अजून देवळात चढली नव्हती. बैठकीत यांनी उभं राहून सांगितलं, दोर काय, कोणीही कापील. पालखी बसवा रस्त्यात. दोराच्या आत, चिऱ्यांची सहाण रचून. पोलीस हात लावायचे नाहीत, मशीनचा ड्रायव्हर तर मुळीच नाही. टाळ्या पडल्या. सहाण म्हणजे पालखी विसावते तो चौथरा, आमच्याकडे ती वर्षातून एकच दिवस त्यावर असते. दुपारपर्यंत चिरे रचून झाले, ढोल वाजले, पालखी बसली. मी शाळेतून आले तर हे घाम पुसत, हसत उभे. मीही हसले. कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सहा वाजता मी पिशवी भरली. चादर, फाइल, बिस्किटं. हे पडवीत बसून राहिले.

“अहो, रिक्षा आलीय दोराशी.”

“परत पाठव. पालखी बसलीय.”

“तिला बसू दे की. तुम्ही उठा.”

“पालखी सहाणेवर असताना मानकरी शीव ओलांडत नाही. माझा बापूस तापाने फणफणला होता, तरी डॉक्टरला घरी आणला.”

“डॉक्टर घरी येतो. मशीन येत नाही.”

“मशीन येऊ नये म्हणूनच बसवलीय,” असं म्हणून हे हसायला लागले.

मी हसले नाही. दरवर्षी हा नियम एका दिवसाचा असतो, तो दिवस कसाही निभतो. आता पालखी कधी उठणार हे देवाला माहीत नव्हतं, समितीला तर नव्हतंच. मी भांडले, रडले, मुलीला पुण्याहून फोन करायला लावला. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मीच बसवा म्हटलं, आणि मीच उठून जाऊ?” रिक्षा परत गेली.

मी तरातरा अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, “काका, उचला ती पालखी.”

त्यांचा चेहरा पडला. “वयनी, उचलली की रस्ता मोकळा. पोलीस खाली पंपावर बसून हायत. दुपारी मशीन सड्यावर जाईल. मग इतके दिस आम्ही काय केला?” मग म्हणाले, “पण तुम्ही बोलाल तसा. दादाच्या जीवापेक्षा मोठा काय नाय.”

त्यांनी ते माझ्यावर टाकलं. माझीही विहीर त्याच कातळाखाली होती. आणि मी हो म्हटलं असतं, तरी यांनी दांडीला हात लावला नसता. मी तशीच घरी आले.

शनिवारी गुरवाने देवळात कौल लावला. पाषाणाला तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मानकऱ्याने जावं, डावी पडली तर नाही. अर्धा तास एकही पडेना. मी उजवीकडे एकटक बघत होते. डावी पडली. गुरवाने माझ्याकडे न बघताच ती उचलली. त्या क्षणी मला देवाचा इतका राग आला की मी नमस्कार न करता निघून आले, आणि मग घरी येऊन उंबऱ्याशी केला. घाबरलेल्या माणसाला राग परवडत नाही.

रविवारी पाय सुजले. वजनकाटा चार किलो जास्त दाखवत होता, आणि ते चार किलो म्हणजे नुसतं पाणी, हे मला सात महिन्यांत पाठ झालं होतं. मी भांड्याने मोजून पाणी देत होते. हे आडवे झाले की दम लागायचा, म्हणून उशा रचून बसवून ठेवले. आणि माणसं मायेने शहाळी घेऊन येत होती. मानकरी देवासाठी बसलाय म्हणून शहाळी! किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विष, हे किती जणांना सांगणार? मी तोंडभर हसून घेत होते आणि न्हाणीघरात लपवत होते. संध्याकाळपर्यंत तिथे सतरा शहाळी झाली. हॉस्पिटलला फोन केला. तिथला टेक्निशियन म्हणाला, “काकी, उद्या सकाळी आणाच. नाहीतर मग थेट आयसीयूत आणावं लागेल.”

सोमवारी सकाळी पालखीपुढे आरती झाली. अख्खी वाडी रस्त्यात. हे प्लास्टिकच्या खुर्चीत, ओठ निळसर, तरी टाळ वाजवायला बघत होते. आरतीनंतर रोज गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. घालायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण घालत नाहीत. गुरवाने नारळ हातात घेतला तेव्हा मी पुढे झाले आणि तो त्याच्या हातातून काढून घेतला. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. समोर तो निळा दोर दिसत होता, तेवढंच.

“बा देवा म्हाराजा!”

आधी एकट्या शेजारच्या म्हाताऱ्या काकींचा बारीक आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

“तुझी जुनी शीव खाली व्हाळाशी होती. तिथे आता पेट्रोल पंप झालाय.”

“व्हय म्हाराजा!” या वेळी दहा-पंधरा आवाज होते.

“आम्ही दोर बांधला आणि ती माडापाशी ओढून आणली. तुला विचारलं नाही. ती चूक पदरात घे.”

“व्हय म्हाराजा!”

“जशी मागे ओढली तशी आता पुढे ने. हॉस्पिटलात तुझ्या मानकऱ्याचं रक्त धुतात, त्या खोलीच्या भिंतीपर्यंत तुझी हद्द कर. तुझा मानकरी शिवेत राहू दे आणि हा रस्ताही तुझ्याच ताब्यात राहू दे.”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली. सवयीने ओरडली की समजून, ते मला आजही माहीत नाही. पण गाऱ्हाण्याला गावाने होकार दिला की ते बसतं. मागे घ्यायचंच तर ज्याने घातलं त्यानेच घ्यायचं. नारळ फोडायला मला तीन फटके लागले.

यांनी गुरवाकडे बघितलं. “मी ओलांडतोय का रे?”

गुरवाने माझ्याकडे बघितलं, पालखीकडे बघितलं. “नाय दादा. शिवेतच हास. पण बेगीन जा.”

अध्यक्षांनी स्वतः दोर वर धरला.

मशीनवर घेतलं तेव्हा नर्स मला बोलली, बरंच बोलली. मी सगळं ऐकून घेतलं. ती बोलत होती म्हणजे माणूस हातचा गेला नव्हता. दोन तास झाले, यांच्या ओठांना रंग आला, आणि माझा फोन वाजला. अध्यक्ष होते.

“वयनी, तहसीलदार साहेब आलेत. मशीन हाय, पोलीस हायत. पालखी बाजूला घ्या बोलतायत. आम्ही बोललो, चार मानकरी लागतात, तीनच हायत. चवथा शिवेभायेर गेला असेल तर तुमची रीत मोडलीच, मग उचला, असं बोलतायत. दादाला द्या.”

चार दिवस मी शिवेच्या ज्या नियमाला शिव्या घातल्या होत्या, तोच आता माझ्या हातातल्या फोनवर टिकायचा होता. यांच्या डाव्या हातात सुया, उजव्याला रक्तदाब मोजायचा पट्टा. मी स्पीकर लावून फोन यांच्या तोंडाशी धरला.

“काका, कुठे आहात तुम्ही?” साहेबांचा आवाज.

यांनी वर नळ्यांतून फिरणारं आपलं रक्त बघितलं. “शिवेत.”

“म्हणजे वाडीत?”

“वाडीतच म्हणा. पण उठता येत नाही. हातात सुया आहेत. अजून दोन तास.”

पलीकडे लोकांचा गलका ऐकू येत होता. मी फोन दोन्ही हातांनी धरला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, “आमच्याकडेही पालखी आहे, काका. पडून राहा.”

मशीन त्या दिवशी पंपावरूनच वळलं. तीन दिवसांनी लेखी पत्र आलं, की काम तूर्त थांबवण्यात येत आहे. चार मानकऱ्यांचे हात दांडीला लागले आणि पालखी उठली. चिरे बाजूला झाले, दोर सुटला, फळा अंगणवाडीत गेला. पत्रातला ‘तूर्त’ मला काही आवडला नाही. अजूनही वळणावर जड गाडीचा आवाज आला की मी आधी सड्याकडे बघते आणि मग घड्याळाकडे.

परवा गुरव येऊन पडवीत बसला. चहा झाल्यावर म्हणाला, “वयनी, ता गाऱ्हाणा तेवढा मागं घ्या. शीव अशी शहरभर पसरून बरी नाय.”

म्हटलं, “घेईन. यांचे मंगळवार-शुक्रवार संपले, की त्याच दिवशी येते.”

त्याने कप खाली ठेवला आणि आत पेपर वाचत बसलेल्या यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, “मग नको. ऱ्हाऊ दे.”