गोऱ्ह्याचा पट्टा

नांदेडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दयानंद राजकन्येचा होता. म्हणजे नवरा होताच. तसे पुष्कळ असतात. शिवाय तिचा होता. शनिवारी दार लागलं की ती त्याच्या गळ्यात काळा चामडी पट्टा बांधायची आणि सोडायचीही तीच. त्यानं हात लावायचा नाही, हा करार. सुचवला त्यानंच होता, लग्नानंतर काही वर्षांनी, मान खाली घालून. तिनं बरेच दिवस विचार करून होकार दिला आणि मग इतका चोख निभावला, की पाटबंधारे खात्यात दिवसभर फायलींशी भांडणारा हा माणूस तिच्यासमोर गुडघ्यावर बसला की मगच मोकळा श्वास घ्यायचा.

पट्टा शिवणाऱ्यानं विचारलं होतं, "कुत्रं कंच्या जातीचं हाय, साहेब?"

"घरचंच हाय."

"गळा लई मोठा हाय की."

"हाव," म्हणून दयानंदनं विषय मिटवला होता.

पोळ्याला दोघं मुखेडकडच्या गावी निघाले, तेव्हा राजकन्येनं पट्टा पिशवीत घातला. जिथं दयानंद तिथं पट्टा, हाही करार. गावी सुनेची पिशवी सासू उपसते, हा त्याहून जुना करार मात्र दोघंही विसरले.

दुपारी दयानंद गोठ्यापाशी आला, तर पट्टा गोऱ्ह्याच्या गळ्यात. कडीला लाल गोंडा.

"गोऱ्ह्याला नांदेडहून आणला, अन् बोलला बी न्हाई," त्याची आई पंचफुलाबाई शेजारणीला सांगत होती. "आतून मखमल हाय, नागुबाई!"

"आमच्या मालकानं मला चप्पल बी आणली न्हाई," नागुबाई म्हणाली.

दयानंदचा हात गळ्याकडं गेला. "आये, सोड ते. दुसरा आणतो मी."

"अंगावर चढलेला साज पुजेआधी सोडत्यात का, येड्या? अन् पुजा झाली का त्याचाच झाला."

त्यानं राजकन्येकडं पाहिलं. एरवी तिची भुवई हलली की त्याचं उठणं-बसणं ठरायचं. आज ती भुवई पदराखाली होती. दोन खोल्यांची मालकीण इथं पुरणाचं पातेलंसुद्धा सासूला विचारून उघडत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तो पट्टा..."

"काय गं?"

पट्टा माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यापुढं 'तुला कशाला?' आलंच असतं.

"...जरा सैल करावा. टोचंल त्याला."

"मग कर की. अन् ववाळ बी तूच."

तिनं बक्कल सैल केलं. बोटं सरावाची होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. कुंकू लावलं, ओवाळलं. गोऱ्ह्यानं मान झटकली आणि कडी वाजली. त्या आवाजासरशी दयानंदचे गुडघे वाकायला लागले.

"पाया पडून राहिला बघा पोरगा," नागुबाई कौतुकानं म्हणाली.

"पड की मग नीट," पंचफुलाबाई म्हणाली.

त्यानं अर्ध्यात थांबून राजकन्येकडं पाहिलं. ती ताटातली वात सारखी करत होती. मान वर केली नाही तिनं.

दयानंद गुडघ्यावर बसला. तिनं न सांगता, पहिल्यांदाच.