विजूचा खोकला

विजू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याचाच खोकला कापत बसलो होतो. जळगावला, माझ्या घरी, सकाळी दहाच्या सुमारास. 'बोंब' या आमच्या पंक बँडचा नवा अल्बम पहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी होत होता आणि गायकाचा खोकला प्रत्येक गाण्यात घुसला होता. धुळ्याहून मिलिंद, आमचा ड्रमवाला, म्हणाला, "पक्या, विजू गेला." मी म्हणालो, "थांब, एवढी ओळ होऊ दे." एका कानाला फोन होता, दुसऱ्या कानात विजू ओरडत होता…

मिलिंद लग्नाच्या बँडमधून आलेला, विजू धुळ्यात ट्रक रंगवणारा, आणि मी बँडमध्ये का, तर बास गिटार माझ्या मालकीची होती. पहिल्याच कार्यक्रमात तिची वायर जोडायची राहिली. तासभर मी घामाघूम होऊन वाजवलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. विजूच्या आलं. "आज पहिल्यांदाच तू चुकला नाहीस," म्हणाला.

रंगाचा फवारा मारताना तो तोंडाला नुसता रुमाल बांधायचा. त्यात फुप्फुसं गेली. आता ओरडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, त्याच आठवड्यात त्यानं आम्हाला अल्बमसाठी गोळा केलं. सावद्याला ओळखीतल्या एकाची केळी पिकवायची खोली रिकामी होती. जाड भिंती, घट्ट दार, बाहेरचा आवाज आत येत नाही; रेकॉर्डिंग तिथंच केलं. विजू दोन ओळी ओरडायचा, भिंतीला हात टेकून खोकायचा, पुन्हा ओरडायचा. मी म्हटलं, "काळजी करू नको, नंतर सगळा काढून टाकतो." तेव्हा तो अहिराणीवर आला, म्हणजे थट्टा संपली. "काही काढू नको. माले गोड करू नको. खोकला बी मन्हाच आवाज शे."

मी "बरं" म्हणालो. आणि घरी येऊन कापायला बसलो. लोकांना कीव येईल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच तो ऐकवत नव्हता. हुशारी अशी, की मूळ फाइल जपून न ठेवता तिच्यावरच सेव्ह करत गेलो. आठ गाणी अशी साफ केली, आठवं संपता संपता फोन आला. पुन्हा आणायला आता विजू नाही.

दहाव्यानंतर मी आणि मिलिंद विजूच्या बायकोला, कल्पनावहिनींना, ती आठ गाणी ऐकवायला गेलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, हाई आजारना आधीनं शे का?"

मी "हो" म्हणालो. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग सावदाले जे गायनात, ते कोठे शे?"

तेव्हा मला खरं सांगावं लागलं. वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं… मिलिंदच म्हणाला, "नववं लाव." फोन आला म्हणून ते तेवढं माझ्या हातून वाचलं होतं.

अल्बममध्ये आता ते एकच गाणं जाणार आहे. वहिनींनी त्यातली मधली जागा दोनदा लावायला सांगितली. तिथं विजूला खोकल्याची मोठी उबळ येते. मिलिंद झांजेवर हलकेच ताल धरून त्याच्यासाठी थांबलाय, आणि मी एकटाच पुढची ओळ वाजवत निघालोय.