बंद लिफ्टचा लिफ्टमन

रत्नागिरीतल्या एका चारमजली कचेरीत, तळमजल्यावर जिन्याच्या उजव्या हाताला, महेंद्र जाधव लाकडी स्टुलावर बसलेला असे. त्याच्या पाठीशी लिफ्टचं दार आणि दारावर पुठ्ठ्याची पाटी, 'लिफ्ट बंद आहे'. महेंद्र लिफ्टमन होता आणि लिफ्ट तीन पावसाळे बंद होती.

पाटीवरचं अक्षर महेंद्रचंच, ठळक आणि वळणदार. तरी माणसं पाटी वाचत आणि मग त्याला विचारत, बंद आहे का. तो सांगे, बंद आहे. कायमची का, असं कुणी विचारलं तर म्हणे, आजपुरती. कायमची म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो आणि पडलेल्या चेहऱ्यानं जिना चढणं जड जातं, असं त्याचं मत होतं. त्या नोकरीत मत बाळगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मालगुंडच्या अलीकडे त्याची वाडी. संध्याकाळी एसटीतून उतरला की नाक्यावर कुणीतरी विचारायचंच, "काय लिफ्टमन, आज किती मजले चढलास?" महेंद्र पिशवी या हातातून त्या हातात घेई आणि म्हणे, "चढणाऱ्यांकडे बघूनच दमलो." या उत्तरावर नाका रोज नव्यानं हसे.

पण खरा टोमणा घरात असे. त्याचे वडील, भिवा, मुंबईच्या गोदीत उमेदीची वर्षं पोती वाहून गावी परतलेले. आता काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली. रोज संध्याकाळी चहा झाला की महेंद्र त्यांना पेपर वाचून दाखवी, पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. भिवा प्रत्येक बातमीशी भांडत आणि मधेच बातमी सोडून मुलाकडे वळत. आम्ही ओझी वाहिली, आमची कंबर गेली. तुझं काय जाणार, पँट झिजेल फार तर. महेंद्र मान डोलावी आणि पुढची बातमी घेई. एखाद्या दिवशी एसटी चुकली, तर हेच भिवा काठी धरून ओट्याच्या कडेला उभे असत. ही खबर महेंद्रला बायकोकडून, कमलाकडून कळलेली. भिवांना विचारलं तर ते पाय मोकळे करत होते.

असं सगळं बरं चाललेलं असताना कचेरीच्या नव्या साहेब म्हणून निशिगंधा मॅडम आल्या.

मॅडम सोलापूरकडच्या, तरुण, चटपटीत. आल्या आल्या त्यांनी लिफ्टचा पाठपुरावा केला आणि जुनी काढून नवी बसवून घेतली. नवीत बटणं लुकलुकत आणि मजला आला की एक बाई गोड आवाजात तो आल्याचं सांगे. काम संपत आलं तेव्हा मॅडम स्टुलासमोर थांबल्या. महेंद्र उठून उभा राहिला.

"तुम्ही इथं नेमकं काय करता?" त्यांनी विचारलं. स्वरात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

महेंद्रनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काही नाही, मॅडम."

मॅडमनी कारणं ऐकायची तयारी केलेली असावी. ती वाया गेली. त्या थोड्या गोंधळल्या आणि मग त्यांना सुचलं ते कुणालाही सुचलं असतं. नव्या लिफ्टला लिफ्टमन लागत नाही आणि मंडणगडच्या उपकचेरीत शिपाई नाही. सोमवारी लिफ्ट सुरू झाली की महेंद्रनं तिकडे रुजू व्हावं.

मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं पार वरचं टोक. रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. खोली घ्यायची, शनिवारी घरी यायचं. कमला म्हणाली, त्यात काय एवढं, पेपर मी वाचीन. त्याच संध्याकाळी तिनं वाचून दाखवलाही. भिवा गप्प बसून ऐकत राहिले, एकाही बातमीशी भांडले नाहीत. शेवटी म्हणाले, "ही बातम्या वाचत नाय, संपवते." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. महेंद्रला मंडणगडाचं खरं अंतर तेव्हा कळलं.

सोमवार उजाडला, पण नव्या लिफ्टमध्ये कुणी पाऊल ठेवीना. कारण हेडक्लार्क हरिश्चंद्र. जुनी लिफ्ट शेवटची बंद पडली ती त्यांना पोटात घेऊन, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. ती अख्खी दुपार महेंद्र दाराला तोंड लावून त्यांच्याशी गप्पा मारत बसला होता, मासळीच्या भावापासून मेव्हण्याच्या कज्जापर्यंत. बाहेर आल्यावर हरिश्चंद्रांनी ती हकिगत इतक्यांदा आणि इतकी रंगवून सांगितली की कचेरीतला प्रत्येक जण आपणच आत अडकलो होतो अशा भीतीनं जिना चढे.

"गाऱ्हाणं घातल्याबिगर मी बसणार नाय," हरिश्चंद्र म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडमना गाऱ्हाणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नारळ फोडायचा आणि देवापुढं चार मागणी बोलायची एवढं त्यांना सांगण्यात आलं. लिफ्ट वापरात येणार असेल तर त्यांची हरकत नव्हती.

हरिश्चंद्र आपल्या गावच्या शिमग्यात गाऱ्हाणं घालणारे, त्यामुळे काम जाणत्या हाती होतं. गावात गाऱ्हाण्याआधी जसे लोक आपापली अडचण कानात सांगून जातात, तसे इथंही दोघं-तिघं येऊन कुजबुजून गेले. त्यात दुसऱ्या मजल्यावरचा शिपाई बाबू होता. बाबू मूळचा मंडणगडकडचा. त्याला कित्येक वर्षं घरी जायचं होतं, पण त्यानं अर्ज कधी केला नव्हता. रत्नागिरी सोडून कुणी आपणहून मंडणगड मागतो म्हटल्यावर यानं इथं काहीतरी भानगड केली असणार असंच लोक धरून चालतील, ही त्याची धास्ती.

महेंद्र काही कुजबुजला नाही. बौद्धवाडीतल्या त्याच्या घरातून देव छप्पन सालानंतर गेले ते गेलेच. तो जिन्याच्या पायरीवर, हात मागे बांधून, बाजूला उभा राहिला. त्यानं असं उभं राहणं कचेरीच्या सवयीचं होतं.

नारळ हातात धरून हरिश्चंद्रांनी डोळे मिटले आणि त्यांचा रोजचा कारकुनी आवाज एकदम खोल गेला.

"हे देवा म्हाराजा, चारी दिशांच्या, चारी मजल्यांच्या म्हाराजा, आज ही जी लिफ्ट चालू होतेय, तिच्यात जो कोण बसेल त्याला सुखरूप वर ने आणि सुखरूप खाली आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

मॅडमचे पहिल्या वेळी नुसते ओठ हलले. आवकजावकच्या दीपालीला खात्याच्या परीक्षेत या खेपेस तरी यश दे, असं मागून झालं तेव्हा त्यांचा आवाज फुटला. शब्द पुरते कळत नव्हते, हरिश्चंद्र भराभर आणि हेल काढून बोलत होते. पण वाक्य कुठं संपतं आणि होकार कुठं द्यायचा ते मॅडमनी बरोबर हेरलं होतं. आपण परक्या दिसू नये एवढीच त्यांची इच्छा. बाबूला त्याच्या गावाकडं, मंडणगडाला जायचंय, त्याची वाट मोकळी कर, यावर त्या चांगल्या खणखणीत 'व्हय' म्हणाल्या.

"आणि हा महेंद्रा," हरिश्चंद्रांनी श्वास घेतला, "तुला मानत नाय, पन आमाला हवा हाय, त्याला मंडणगडाला न धाडता हितंच ठेव रे म्हाराजा."

या वाक्याला सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटली. ज्यांच्या हातात बदली त्या शेजारीच उभ्या. तेवढ्या शांततेत एकच आवाज लिफ्टच्या पोकळीत घुमून वर चौथ्या मजल्यापर्यंत गेला.

"व्हय म्हाराजा."

मॅडमनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. शेजारी उभ्या दीपालीनं हळू आवाजात त्यांना अर्थ सांगितला. मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हरिश्चंद्रांनी तत्परतेनं नारळ फोडला.

अर्ध्या तासानं महेंद्र स्वतःच त्यांच्या केबिनमध्ये गेला. तो म्हणाला, तुम्ही समजून म्हणाला नव्हता हे मला माहीत आहे. त्या होकाराला मी धरून बसणार नाही. मी जातो मंडणगडाला.

"सगळे माझ्यामुळे गप्प झाले. तुम्ही तर त्याआधीच्याही कुठल्याच वाक्याला 'व्हय' म्हणाला नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मी मानत नाही, मॅडम. स्वतःच्या कामापुरतं कसं मानू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, मंडणगडाला जायला नेमकी अडचण काय. या वेळी महेंद्रला उत्तर आठवावं लागलं नाही. त्यानं वडिलांचं सांगितलं, पेपरचं सांगितलं, आणि बायको बातम्या संपवते तेही सांगितलं. तिथं मॅडमना हसू आवरलं नाही.

"मग त्या बाबूला खरंच तिकडे जायचंय?"

"लग्नाआधीपासून."

"मला कुणी बोललं का नाही?"

"देवाला सांगितलं ना, मॅडम," महेंद्र म्हणाला.

आठवड्याभरात बाबू बिऱ्हाड बांधून मंडणगडाला गेला. दुसऱ्या मजल्यावरचं त्याचं टेबल, घंटी आणि फायलींचा ढीग महेंद्रच्या वाट्याला आला. लिफ्ट चालू झाली, पण हरिश्चंद्र महेंद्रला सोबत घेतल्याशिवाय आत जात नाहीत, त्यामुळे दिवसातून काही फेऱ्या तोही करतो आणि ती गोड आवाजाची बाई मजला सांगायच्या आत आपण सांगून टाकतो.

बदली टळली त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं हे सगळं भिवांना सांगितलं. भिवा ओट्यावर बसून ऐकत होते. गाऱ्हाण्याच्या गोष्टीला ते हसले नाहीत. नाक मुरडलं, पण मधे बोलले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे आता तुला काम पडणार?"

"पडणार, बाबा. फायली वर-खाली न्यायच्या. दिवसभर."

भिवांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग मुलाच्या बाजूला तोंड वळवून, आवाज खाली आणून, त्यांनी काळजीनं विचारलं, "झेपेल ना रे तुला?"