सासुरवाडी बुडवणारे भाऊजी

जावयानं सासुरवाडीचं काही ना काही बुडवावं, यात नवल नाही. कुणी मेहुण्याची सायकल बुडवतो, कुणी सासऱ्याचं नाव बुडवतो. पण अख्खी सासुरवाडी, तिच्यातल्या संत्र्यांच्या बागांसकट पाण्याखाली घालणारा जावई साऱ्या वऱ्हाडात एकच झाला असावा, आणि तो आमच्या घराण्याच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. गाव त्यांना काय म्हणायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाऊजी सरकारी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. काटकुळी अंगकाठी, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर बारमाही छत्री. जन्म अकोल्याच्या खालच्या अंगाचा, पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातला. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यांच्या आईनं उभी हयात दोन कोसांवरून गोड पाण्याचे हंडे डोक्यावर आणले. त्यामुळे पाणी हा शब्द आपण जसा उच्चारतो तसा भाऊजींना उच्चारताच येत नसे. देवाचं नाव घ्यावं तसा त्यांचा आवाज खाली यायचा.

अक्काला बघायला आले तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या गावात आले. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी असं की पाहुणा दुसरा तांब्या मागितल्याशिवाय उठत नसे. भाऊजींनी चार तांबे मागितले. अक्का पोहे घेऊन आली, बसली, उठून गेली. हे आपले तांब्यात बघताहेत. शेवटी बाबांनी विचारलं, "मंग, पसंत हाय काय?"

"पानी लय गोड हाय," भाऊजी म्हणाले.

"बावा, तुमी पोरगी पाह्याले आले का इहीर?"

"दोनी पसंत हाय," भाऊजी म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसावं.

पहिला दिवाळसण आटोपून अक्काला घेऊन ते अकोल्याकडं निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा फलाटावरचा एक नळ उघडाच वाहत होता. भाऊजी उतरले. नळाची चावी फिरत नव्हती म्हणून त्यांनी स्टेशनमास्तरला शोधलं, स्टेशनमास्तरनं हमालाला शोधलं, हमालानं चिंधी शोधली. आणि तिघं मिळून नळ बांधत असताना गाडी निघून गेली. अक्का एकटीच सासरी पोचली. सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या.

"नवरा कोठी हाय व?"

"नळ बंद कराले उतरले."

"हो काय? मंग येईन," असं म्हणून सासूबाईंनी एकट्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आपला मुलगा त्या ओळखून होत्या.

लग्नाकार्यात पंगत उठली की भाऊजी हातात बादली घेऊन पानापानाशी फिरत आणि पेल्यांत उरलेलं पाणी गोळा करून जवळच्या झाडाला घालत. परक्यांचीही लग्नं त्यांनी यातून वगळली नाहीत. अमरावतीला एकदा वरबापानं त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून दुसऱ्या पंगतीला पाणी वाढायला सांगितलं. भाऊजींनी वाढलं, पण प्रत्येकाला अर्धा पेला. "लागलं तं मांगा," म्हणाले. पेला भरून द्यायचा आणि अर्धा टाकून द्यायचा, याला ते पाहुणचार मानायला तयार नव्हते. अक्का अशा वेळी पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत बसायची.

हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण आमच्या गावाच्या खाली, जिथं दोन टेकड्या एकमेकींच्या कानाशी लागल्यासारख्या जवळ येतात आणि मधून नाला निघतो, तिथं धरण बांधावं असा कागद सरकारात जुना पडून होता. तो आधी नागपूरला होता. मग वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, कागदही मुंबईला गेला. मग महाराष्ट्र झाला. भाऊजी म्हणायचे, "राज्य कोनतंई असो, नाला थोच हाय." आणि एका हिवाळ्यात तो कागद खरंच हलला. धरणाचं पाणी आमच्या गावावर चढणार होतं, आणि तिथून कालवा, आमच्याकडं म्हणतात तशी नहर, थेट खारपाण पट्ट्यात जाऊन तिथली गावतळी भरणार होती.

भरपाईसाठी घरं, झाडं, विहिरी मोजायचं काम भाऊजींकडे आलं. साहेब भला माणूस होता. सासुरवाडीचं गाव आहे, तुम्ही राहू द्या, दुसऱ्याला पाठवतो, असं तो म्हणाला. भाऊजी नको म्हणाले. अक्कानं घरी विचारलं, "अहो, सरकारपाशी दुसरा मानूस नाई काय?"

"हाय ना. पन थो चार दिसांत मोजून मोकळा होईन. आंब्याले झुडूप म्हनीन अन् इहिरीले खड्डा. मी गेलो तं कोनाचं काई सुटनार नाई."

सासुरवाडीत उतरून सासुरवाडीच मोजायची हे बरं नव्हे, म्हणून त्यांनी गावाबाहेर तंबू ठोकला. पण पहिल्याच संध्याकाळी घरी आले. बाबा ओसरीवर बसले होते.

"मामाजी, गाव जाते आपलं," भाऊजी म्हणाले.

"कोनापायी?" बाबांनी विचारलं.

"माह्या मायच्या गावापायी. अन् तसल्या अजून लय गावांपायी. थे खारं पानी पितेत मामाजी."

बाबा उठून आत गेले, आणि त्या दिवसापासून जावयाशी बोलेनासे झाले. मात्र जावयाचा मान राखणं आणि त्याच्याशी बोलणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पंगतीत ते आमच्या मायला सांगत, "त्यांले म्हना, तूप घ्या." माय सांगे. भाऊजी म्हणत, "मामाजीले म्हना, पुरे." एकदा भाऊजी आले तेव्हा घरात बाबांखेरीज कुणीच नव्हतं. बाबांनी गोठ्याकडे तोंड करून गायीला सांगितलं, "कपिले, जवाईबुवाले सांग, पाय धुवाले पानी ठेवलं हाय." भाऊजीही गायीकडे वळले. "कपिले, मामाजीले सांग, बादली कायले? तांब्याभर पुरे." भाऊजींकडून ऐकलेला हा प्रसंग माय आम्हाला हसत हसत सांगायची, आणि सांगून झालं की उगाच चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसायची.

भाऊजींनी गावातली भिंत न् भिंत मोजली, झाड न् झाड मोजलं. लोक दारं लावून घेत. तंबूत बैल घातले गेले. माय सांजेला माझ्या हाती त्यांचा डबा पाठवायची, आणि बाबा तो जाताना दिसू नये म्हणून नेमके त्याच वेळी डोळे मिटून बसायचे.

काही वर्षांनी धरण झालं. लोकांनी दारं, चौकटी, छताच्या मयाली उपसून गाड्यांत भरल्या आणि माळावरच्या नव्या वस्तीत नेल्या. पहिल्या पावसाळ्यात पाणी चढू लागलं तेव्हा सगळं गाव माळाच्या कडेला उभं राहून बघत होतं. भाऊजीही आमच्यात येऊन उभे राहिले. एका म्हातारीनं मूठभर माती उचलून त्यांच्या अंगावर फेकली. त्यांनी ती झटकली नाही.

खरी गोष्ट घडली ती नंतर. गाव बुडालं, पण नहर खारपाणात पोचलीच नाही. वरच्या अंगाच्या वजनदार लोकांनी काठ फोडून पाणी आपापल्या बागांत वळवलं. काळ्या मातीत भेगा पडून काठ खचले. शेवटच्या टप्प्याचं खोदकाम पुढच्या योजनेत पाहू, असं वरून आलं. भाऊजींनी अर्ज लिहिले, साहेबांपुढे उभे राहिले, बोलणी खाल्ली. मग ते गप्प झाले. एका लग्नात मांडवाशेजारचा नळ धो धो वाहत होता आणि भाऊजी खुर्चीत बसून होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

हे अक्काकडून बाबांच्या कानावर गेलं असावं. एक दिवस ते तिला म्हणाले, "आपलं पानी कोठवरी गेलं थे मले पाह्यचं हाय. त्यांले म्हना, दाखवा."

बाबा, भाऊजी आणि मी, आम्ही तिघं आधी एसटीनं आणि मग बैलगाडीनं गेलो. बाभळीच्या रानात नहर एकाएकी संपत होती. पुढे सपाट पांढरट शेतं, आणि पार टोकाला भाऊजींच्या आईचं गाव. कोरड्या नहरीच्या तळाशी शेळ्या चरत होत्या. बाबांनी तिकडं पाहिलं आणि मग इतक्या वर्षांनी सरळ भाऊजींकडं तोंड करून विचारलं,

"जवाईबुवा, इथंच थांबलं काय?"

"हो, मामाजी."

"मंग आमी काहून उठलो?"

भाऊजींनी छत्री मिटली आणि ते काठावर बसले. त्यांचे खांदे हलत होते. बाबाही शेजारी टेकले. मग तेच म्हणाले, "उठा. कोन्या साहेबाले भेटाचं थे सांगा. मी येतो संग."

आणि ते खरंच जाऊ लागले. अकोला, अमरावती, एकदा तर मुंबईसुद्धा. पुढे पटका बांधलेले बाबा, मागे छत्रीवाले भाऊजी. बुडवणारा आणि बुडालेला एकाच बाकड्यावर बसून साहेबाची वाट बघताहेत हे पाहून पट्टेवालेही गोंधळून जात. मोठ्या कचेरीत एका साहेबानं विचारलं, "अहो पाटील, तुमचं गाव राहिलं वर. या खालच्या कालव्याशी तुमचा काय संबंध?"

"साहेब," बाबा म्हणाले, "थ्या पान्यात माह्यं घर हाय."

शेवटचा टप्पा खोदला गेला. बाबा मात्र त्याआधीच्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांना भाऊजींच्याच हातचं औषध लागायचं.

खोदकाम संपलं त्या वर्षी वरच्या अंगाला पाऊस भरपूर झाला, बागांना पाण्याची गरज उरली नाही, आणि नहरीचं पाणी पहिल्यांदा टोकाला पोचलं. भाऊजी मायला घेऊन गेले, मीही होतो. गढूळ, संथ पाणी गवताच्या काड्या ढकलत येत होतं. भाऊजींची आई काठावर वाट पाहत होती, पार वाकलेली. तिनं आपल्या विहीणबाईला हाताला धरून दगडावर बसवलं, तांब्या बुडवून भरला आणि मायचे पाय पुढं ओढले.

माय दचकली. मुलीच्या आईनं मुलाच्या आईचे पाय धुवायचे, हीच आपल्याकडची रीत. "अवं, उलटं काय करून राह्यल्या?"

"बसा," म्हातारी म्हणाली. "तुमचं घर आलं माह्या दारी."

गाव सोडताना माय रडली नव्हती. त्या दगडावर मात्र ती ओक्साबोक्शी रडली. भाऊजी आमच्याकडं पाठ करून दूर उभे होते.

पुढच्या वर्षी पाणी तिथवर आलं नाही. त्यानंतरही नाही. भाऊजींची बदली बुलढाण्याकडं झाली. नहरीत आता तण माजलंय, आणि शेजारचे शेतकरी काठाची माती ओढून ती हळूहळू वहितीत घ्यायला बघतात. नांगर जवळ आला की भाऊजींची आई घरातून काठी टेकत निघते आणि बैलांपुढं जाऊन उभी राहते, असं अक्का सांगते.

"नांगर फिरवा बावा मांगं," म्हणते, "पानी येऊन राह्यलं. त्याले रस्ता ठेवा."