नणंदबाईंचं आजारपण

माझ्या नणंदेइतकी ठणठणीत आजारी बाई अख्ख्या यॉर्कशायरमध्ये दुसरी सापडणार नाही. सकाळी उठल्यावर तासभर त्यांच्या हातांची मूठ वळत नाही, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्या एखादं देऊळ लागल्यासारख्या थांबतात, दुपारी जेवणापेक्षा जास्त गोळ्या खातात, पण कुणीही, म्हणजे डॉक्टरांनी, पोस्टमनने किंवा बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी आजीने, "कशा आहात?" असं विचारायचा अवकाश, ताईंचा चेहरा फुलतो आणि उत्तर येतं, "एकदम मस्त!" समोरचा माणूस इथला असला तर, इथल्यासारखाच लाडाचा 'लव्ह' जोडून, "आय ॲम ऑलराइट, लव्ह." त्यांना तपासणाऱ्या स्पेशालिस्टनाही त्या हेच सांगत असत. त्यांचे रक्ताचे रिपोर्ट तेवढे खोटं बोलत नसत, म्हणून निदान औषधं तरी मिळाली.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लीड्सच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून दोन बस बदलून जावं लागेल अशा जागी, ईशा नावाच्या लेकीबरोबर राहतात. नवऱ्यापासून वेगळं होऊन त्यांना बारा वर्षं झाली. एका शाळेच्या किचनमध्ये त्या स्वयंपाक करायच्या, आणि पगार नि टॅक्स क्रेडिट नावाची सरकारी मदत यांच्या जोडीवर त्यांनी घर आणि ईशाचं शिक्षण दोन्ही नीट चालवलं होतं. टॅक्स क्रेडिटचा वार्षिक फॉर्म आला की त्या आंघोळ करून, केस विंचरून, टेबल पुसून तो भरायला बसायच्या. मग संधिवात आला. आधी बोटं गेली, मग मनगटं, आणि एके दिवशी कस्टर्डचं पातेलं शाळेच्या फरशीवर पालथं झालं. त्यानंतर त्या कामावर गेल्या नाहीत. नेमकं त्याच सुमारास पत्र आलं, की टॅक्स क्रेडिट बंद होतंय, आता त्याऐवजी युनिव्हर्सल क्रेडिट या नव्या मदतीसाठी अर्ज करा, आणि तोही ऑनलाइन. तेव्हापासून दोन वर्षं माझा प्रत्येक शनिवार ताईंच्या डायनिंग टेबलाशी गेला.

पहिलं भांडण झालं ते फिट नोटवरून. आजारी असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि त्याला म्हणायचं फिट नोट! "मी फिट असते तर नोट कशाला मागितली असती?" असं त्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला अतिशय गोड आवाजात विचारलं. दुसरी अडचण त्यांच्या प्रामाणिकपणाची. परिस्थितीत काहीही बदल झाला तर ताबडतोब कळवा, असं पत्रात लिहिलं होतं. ताईंनी ते वाक्य मनावर घेतलं. ईशा दोन रात्री मैत्रिणीकडे राहायला गेली, कळवलं. बॉयलर बदलला, कळवलं. शेजारच्यांचं मांजर हल्ली आमच्याकडेच जेवतं, हेही कळवणार होत्या. मी हात धरला. ऑनलाइन खात्यात जर्नल नावाचा एक रकाना असतो. त्यात ऑफिसने निरोप द्यायचा आणि आपण कामापुरतं उत्तर द्यायचं. ताईंना ती रोजनिशी वाटली. "डिअर सर ऑर मॅडम, आज लीड्सला छान ऊन आहे. तुमच्या निरोपाबद्दल आभार. तुमच्या घरी सगळे बरे असतील अशी आशा करते," अशी त्यांची सुरुवात असे. दिवाळीला त्यांनी शुभेच्छाही पाठवल्या. चार दिवसांनी पलीकडून "थँक यू, यू टू" असं आलं, तर तेवढ्या चार शब्दांवर त्या आठवडाभर खूश होत्या.

पण खरा घोटाळा झाला तो अपंगत्वाच्या भत्त्याच्या वेळी. या भत्त्याला इथे सगळे पिप म्हणतात. त्याचा फॉर्म जाडजूड असतो. तुम्हाला साधं जेवण बनवता येतं का, असा त्यात प्रश्न होता. "साधं म्हणजे काय गं? वरणभात की कढी-खिचडी?" ताईंनी मला विचारलं, आणि मी चहा टाकायला उठले तेवढ्यात लिहून टाकलं, की मी शाळाभर मुलांचा स्वयंपाक केलेला आहे.

"ताई, केलेला आहे. आता करता येतो का, ते विचारतायत."

"अगं, आता ईशा चिरून देते, ती कुकर उचलते. होतो की स्वयंपाक!"

"मग ते तसं लिहा. वाईट दिवस कसा जातो ते लिहा."

"वाईट दिवस परक्या माणसाला लिहून पाठवायचे?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी जणू त्यांना रस्त्यावर बसून हात पसरायला सांगितलं होतं. मी थकले. आठवडाभर नोकरी करून शनिवारी दोन बस बदलून यायचं आणि एका बाईला तिची दुखणी कबूल करायला लावायची, या कामाचा मला तेव्हा मनापासून कंटाळा आला होता. खोडलं नाही, तसंच पाठवलं.

मग तपासणीचा फोन आला. तोही नेमका मी नसताना. फोनवरच्या बाईंचा घसा बसलेला होता. ताईंनी आधी त्यांना हळद घातलेलं दूध कसं उकळायचं ते समजावून सांगितलं, मग त्यांच्या मुलांची चौकशी केली, आणि मधून मधून त्यांच्या प्रश्नांना "ऑलराइट, लव्ह, आय मॅनेज" अशी उत्तरं दिली. महिन्याभराने रिपोर्ट आला. ताईंनी मला फोनवर तो आनंदाने वाचून दाखवला. "बघ ना, किती छान लिहिलंय माझ्याबद्दल! आनंदी स्वभाव, उत्तम संवाद, कुठेही त्रस्त वाटल्या नाहीत..." मग शेवटच्या पानावरचे गुण वाचायला लागल्या. सगळ्या रकान्यांत शून्य होतं. भत्ता नाकारला होता.

फेरविचार करा म्हणून लिहिलं, त्यालाही नकार आला. राहिलं ट्रिब्युनल, म्हणजे अपिलाचं कोर्ट. ते येईपर्यंत वर्ष गेलं. त्या वर्षात ईशाने कॉलेज सोडून सुपरमार्केटमध्ये पूर्ण वेळ काम धरायचा विचार बोलून दाखवला, आणि ताई पहिल्यांदाच माझ्यासमोरून उठून आत निघून गेल्या.

सुनावणीच्या सकाळी त्या मला बसस्टॉपवर भेटल्या. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब लोकरी कोट, केस नीट बांधलेले. समोर तिघं होते: न्यायाधीश बाई, एक वयस्कर डॉक्टरीणबाई आणि एक गृहस्थ. खोली तापली होती. मी स्वेटरसुद्धा काढून ठेवला. ताईंची उत्तरं नेहमीचीच होती. मॅनेज करते, होतं, चालतं. मी टेबलाखाली स्वतःचीच बोटं मोडत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो ओघळून कानापाशी उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला उकडत असेल. कोट काढता का?"

"नो नो, आय ॲम ऑलराइट, लव्ह."

"काढा ना. आम्ही थांबतो."

ताईंनी वरच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. मग सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "माझी मुलगी सकाळी बटणं लावून कॉलेजला जाते. ती आली की सोडते. मध्येच काढला तर परत लावणार कोण?"

मी शेजारीच बसले होते. हातभर अंतरावर. भावजयीला एवढं साधं काम सांगायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, आणि दोन वर्षं दर शनिवारी येऊनही मला ते कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं, आणि ताईंनी एकेक सांगितलं. आंघोळ, केस, चमचा, जिना. आवाज अगदी लहान झाला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सोड जरा." मी बटणं सोडली. सहा होती.

निकालाच्या पत्रात भत्ता मंजूर झाला होता. त्याच महिन्यात, तूर्त काम शोधायची अट नाही, असंही युनिव्हर्सल क्रेडिटकडून कळलं. ईशा तिच्या इथल्या मोडक्या मराठीत ओरडतच खाली आली, "मामी, आई जिंकला!" मी केक नेला होता. ताई मात्र पत्र घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या, बोट ठेवून ओळी वाचत. कपडे घालायला मदत लागते. स्वयंपाकाला मदत लागते. "सगळं खरंच लिहिलंय गं," त्या म्हणाल्या. "पण असं ओळीने वाचवत नाही."

मी निघाले तेव्हा त्यांनी ईशाकडून ओट्याखालची लोखंडी कढई काढवली. लग्नानंतर भारतातून येताना त्या ती मांडीवर घेऊन विमानात बसल्या होत्या म्हणे. "घेऊन जा. मला उचलवत नाही आता."

मी नको म्हणणार होते, पण म्हटलं नाही. कढई चांगलीच जड निघाली. बसस्टॉपपर्यंत मी चारदा हात बदलला.